ठणक्याच्या दिवशीही उघडता येईल अशी सोय करा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी (जिल्हा परिषद), मा. जिल्हा शल्यचिकित्सक, महापालिकेचे मा. आरोग्य अधिकारी, तसेच रुग्णांसाठी ॲप, पोर्टल किंवा ग्रुप काढायच्या विचारात असलेले डॉक्टर, संस्थाचालक आणि संगणकवाली मंडळी, कोल्हापूर यांस

सप्रेम नमस्कार.

मी मंगळवार पेठेत राहणारी, आमवाताची जुनी रुग्ण. आमवात म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. वयोमानाने गुडघे झिजतात तो वेगळा. माझ्या नात्यात, गल्लीत, ओळखीत शुगरवाले आहेत, बीपीवाले आहेत, थायरॉइड, दमा, किडनी, फिट्स सगळं आहे. आमच्यापैकी कुणालाच बरं होऊन डिस्चार्ज मिळायचा नाही. गोळी आज आहे, उद्या आहे, दिवाळीतही आहे.

अशा लोकांसाठी ऑनलाइन काहीतरी करावं असं अलीकडे बऱ्याच जणांच्या मनात येतंय. येऊ दे. पण आजवर माझ्या फोनमध्ये जे जे आलं आणि निघून गेलं, ते बघून एकच मागणी करावीशी वाटते. जे काही कराल ते आमचा सगळ्यात वाईट दिवस समोर ठेवून करा. अंगात कणकण आहे, रात्रभर डोळा लागलेला नाही, बोटं वळत नाहीत, घरात कुणी नाही, अशा दिवशी ते वापरता आलं पाहिजे. बऱ्या दिवशी आम्हाला तुमची गरज नसते. बऱ्या दिवशी आम्ही महाद्वार रोडला खरेदीला जातो.

आमवातात सकाळ वाईट. उठल्यावर तासभर, कधी त्याहून जास्त, हात आखडलेले असतात. मूठ मिटत नाही, दुधाची पिशवी फोडता येत नाही, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून उचलायचा. अशा वेळी एका आरोग्य ॲपमध्ये शिरायचं म्हणजे आधी मोबाइल नंबर, मग ओटीपी, मग मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा आणि चिन्ह असलेला पासवर्ड, मग चित्रांतल्या मोटारी ओळखा. सहा आकडे दाबेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. पुन्हा मागवा. काही वेळा चुकलं की चोवीस तास कुलूप. हे कुलूप चोराला अडवतं की नाही देव जाणे, आम्हाला मात्र अडवतं. एवढं करून आत गेलं की समोर लाल रंगातलं रडकं तोंड: काल तुमची दहा हजार पावलं झाली नाहीत!

ज्याने हे बनवलं त्याची बोटं धडधाकट होती, बाकी काही नाही. म्हणून म्हणते, बनवायच्या आधी सकाळी सात वाजता आमच्यापैकी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात येऊन बसा. मोठी बटणं, टाइप करण्याऐवजी बोलून प्रश्न सांगायची सोय, मिस्ड कॉल दिला की उलटा येणारा फोन, एकदा ओळख पटली की त्या फोनवर पुन्हा पुन्हा ओटीपी नाही, एवढ्यानेही पुष्कळ होईल. यात नवं तंत्रज्ञान काहीच नाही. आणि घरात स्मार्टफोन एकच, तोही दिवसा मुलाबरोबर एमआयडीसीत आणि रात्री नातवाच्या हातात, अशी घरं आपल्या जिल्ह्यात ढिगाने आहेत. तिथल्या आजीचा आधार तिच्या साध्या बटणाच्या फोनवरच पोचला पाहिजे.

आता ग्रुपबद्दल. ग्रुप काढायला दोन मिनिटं लागतात, म्हणून सगळे आधी ग्रुपच काढतात. आमचाही आहे, आमवाताच्या काही बायकांचा, व्हॉट्सॲपवर. एकदा रात्री साडेदहाला एका मावशींचा आवाज आला: “पिवळी गोळी रोज घ्यायची का गं? पोरगा म्हणतोय रोज लिहिलंय.” ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमवातात मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ठरलेल्या वारी. तिचा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत फॉलिक ॲसिड असतं, ते वेगळ्या दिवशी. दोन्ही गोळ्या बहुतेक वेळा पिवळ्या, लहानशा, आणि काही ब्रँडांची नावंसुद्धा ‘फॉल’नेच सुरू होणारी. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली तर तोंड आतून सोलून निघतं, रक्तातल्या पेशी कमी होतात, जिवावर बेततं.

ग्रुपवर लगेच उत्तरं आली. एकीने लिहिलं, “मी रोजच घेते, काही होत नाही.” ती फॉलिक ॲसिडबद्दल बोलत होती. दुसरीने हात जोडल्याचं चित्र टाकलं. तिसरीने सुंठ, मेथी आणि हळदीचा काढा सांगितला. सुदैवाने एक जण पूर्वी औषधाच्या दुकानात कामाला होती. तिने मावशींना थेट व्हिडिओ कॉल लावला, पाकीट कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं आणि कोणती गोळी कोणत्या वारी ते स्केचपेनने पाकिटावर लिहून घेतलं. ती बाई त्या रात्री लवकर झोपली असती तर?

कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. तालमीत पोरं कितीही असोत, वस्तादाचा डोळा असल्याशिवाय मातीत जोड लागत नाही. ग्रुपलाही वस्ताद लागतो, आणि तो पगारी, ठरलेल्या वेळेचा, जबाबदार माणूस लागतो. डोस किती, कोणती गोळी बंद करू, नवीनच काहीतरी दुखतंय, असले प्रश्न सदस्यांनी आपसात सोडवायचे नाहीत. ते नर्सकडे किंवा फार्मासिस्टकडे गेले पाहिजेत, आणि उत्तर किती वेळात येईल ते आधीच लिहिलेलं पाहिजे. रात्री माणूस बसवणं परवडत नसेल तर मोठ्या अक्षरांत तसं लिहा: रात्री नऊ ते सकाळी आठ इथे कोणी नाही, छातीत दुखत असेल किंवा श्वास लागत असेल तर 108 ला फोन करा. कोणी नाही हे कळलं की माणूस दुसरी वाट धरतो. कोणीतरी बघेल या आशेवर पहाट करण्यात खरा धोका आहे.

पण औषधाचा भाग सोडला तर बाकीचं सगळं आम्हीच आम्हाला सांगू शकतो, आणि डॉक्टरांपेक्षा बरं सांगू शकतो. कुकरचं झाकण आखडलेल्या हाताने कसं फिरवायचं. लग्नात पंगत अडीच वाजता बसणार असेल तर इन्सुलिनवाल्याने काय करायचं, आणि साखर उतरून घाम फुटला, हात थरथरले तर पर्समध्ये काय असावं. उंच पायरीच्या एसटीत चढताना कोणता पाय आधी. डाएट चार्टवर ओट्स आणि ब्रोकोली लिहून देतात. आम्हाला विचारायचं असतं की भाकरी किती, पांढरा रस्सा चालतो का, आणि जत्रेला भावकीत जेवायला गेल्यावर नाही कसं म्हणायचं. साखर बंद, गूळ चालतो, हे तर आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात गोड खोटं आहे. गुळानेही शुगर चढतेच. पण हे गुऱ्हाळाच्या गावातल्या माणसाला पांढऱ्या कोटाने सांगितलं तर तो मान हलवतो आणि घरी जाऊन गुळाचा चहाच पितो. त्याच्याच गावातल्या, त्याच्यासारख्याच शुगरवाल्याने सांगितलं तर निदान वाद घालतो. वाद घालतोय म्हणजे ऐकतोय.

ही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी 1990 च्या दशकात जुनाट आजारांसाठी एक वर्ग घडवला. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, अडीच तास. चालवणारी दोन माणसं, आणि त्यातलं एक किंवा दोघंही स्वतः आजारासोबत जगणारी, शिकवून तयार केलेली. नंतर तो वर्ग इंटरनेटवरही आला. मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही की वेगवेगळ्या आजारांची माणसं एकाच वर्गात बसतात. थकवा, झोप, वेदना, गोळ्यांचा कंटाळा, घरच्यांची चिडचिड, हे सगळ्यांचं सारखंच असतं. आपल्याकडे मात्र शुगरचं वेगळं, हृदयाचं वेगळं, गरोदरपणाचं वेगळं असं चाललेलं असतं. आमच्या शेजारच्या काकांना शुगर, बीपी आणि गुडघे तिन्ही आहेत. त्यांनी किती दारं ठोठवायची? दार एकच ठेवा. आत गेल्यावर खोल्या करा.

आणि आत येऊन जो काहीच बोलत नाही त्याला निष्क्रिय म्हणून काढून टाकू नका. इंटरनेटवरच्या अशा गटांबद्दल वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे जाणकार जेकब नील्सन यांनी 2006 मध्ये मांडलेला आडाखा प्रसिद्ध आहे: साधारण 90 टक्के लोक नुसतं वाचतात, 9 टक्के अधूनमधून लिहितात, 1 टक्का सगळा कल्ला करतो. आमच्या ग्रुपवर एक ताई फक्त वाचत असतात. एकदा लक्ष्मीपुरीत भेटल्या तर गेल्या सहा महिन्यांत कोण काय बोललं ते त्यांना तोंडपाठ! त्यांना आधार मिळत होता, आम्हाला दिसत नव्हता एवढंच. तसंच, मध्येच दोन-तीन महिने गायब झालेला माणूस परत आला तर त्याला ‘तुम्ही इतके दिवस नोंद केली नाही’ असलं काही दाखवू नका. तो गायब होता कारण आजारी होता, नाहीतर पैसे नव्हते, नाहीतर घरात कुणी गेलं होतं. ‘आलात, बरं झालं’ एवढं पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालात म्हटलं होतं की श्रीमंत देशांतसुद्धा लांबच्या आजारांचे साधारण निम्मेच रुग्ण औषध नीट चालू ठेवतात. गोळी चुकणं हे इतकं नेहमीचं आहे. दटावलं की लोक गोळी घ्यायला लागत नाहीत, खोटं सांगायला लागतात.

नंबरांचं बोलायलाच हवं. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. फिट्स येणारी, लग्न ठरायचं असलेली मुलगी अशा ग्रुपमध्ये येईल का? तिच्या आईने तर ती गोष्ट सख्ख्या आत्यालाही सांगितलेली नसते. माझ्यापुरतं सांगायचं तर, एका मोठ्या, कुणालाही घुसता येईल अशा ग्रुपमध्ये गेल्यावर थोड्याच दिवसांत ‘सांधेदुखी मुळासकट’वाल्यांचे फोन सुरू झाले. या बेनामी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचे प्रकार डॉक्टरांना नवे नाहीत. आठवड्यात हलकं वाटतं, मग तोंड सुजतं, शुगर वर जाते, आणि एकदम बंद केलं तर माणूस कोसळतो. म्हणजे आधारासाठी काढलेला ग्रुप हीच त्या विक्रेत्यांची गिऱ्हाइकांची यादी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात म्हटलंय की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं, आणि संमतीची सूचना मराठीसारख्या, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेतही वाचता यावी. ते कागदावर न ठेवता करून दाखवा. टोपणनावाने वावरता यावं, नंबर कुणाला दिसू नये, आणि नको झालं की एका बटणात बाहेर पडता यावं, माहितीसकट.

वाईट दिवस म्हणजे आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट असते: पूर. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत काय झालं ते तुम्हाला मी काय सांगणार. हायवेच बंद पडल्यावर औषधाच्या गाड्या कुठून येणार. डायलिसिसवाल्याला आठवड्यातून दोनदा-तीनदा जावंच लागतं. पाणी उतरेपर्यंत थांबा असं त्याच्या किडनीला सांगता येत नाही. इन्सुलिनचा साठा 2 ते 8 अंशांत ठेवायचा आणि वीज नाही. खरं तर वापरात असलेली बाटली ऊन-उष्णता टाळली तर साध्या खोलीतल्या तापमानाला साधारण चार आठवडे टिकते, आणि बाकीच्या बाटल्यांना ओलं मडकं बऱ्यापैकी सांभाळतं. पण हे त्या दिवशी सांगणार कोण? घाबरून बाटल्या फेकून दिलेल्या मी पाहिल्या आहेत.

इथे तुमच्या हातात एक आयती गोष्ट आहे. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतं. इशारा 39 फुटांवर, धोका 43 फुटांवर, हे शाळेतलं पोरही सांगतं. त्या आकड्यालाच आमचा निरोप जोडा. पाणी 39 फुटांच्या जवळ आलं की चिखली, आंबेवाडीच्या, शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या नोंदलेल्या रुग्णांना फोन जावा: पंधरा दिवसांच्या गोळ्या जवळ आहेत का, डायलिसिसची पाळी कधी आहे, गाव सोडावं लागलं तर कोणत्या बाजूला जाणार. मी निरोप म्हणते तेव्हा तो आधी गेला पाहिजे. पाणी आल्यावर टॉवर बंद, चार्जिंग संपलेलं, मग तुमचं सुंदर ॲप कुणाच्या फोनवर उघडायचं? आणि नोंदवलेल्या गोळ्यांची यादी एका कागदावर छापून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायला सांगा. निवारा केंद्रातल्या डॉक्टरला ‘एक पांढरी आणि एक गुलाबी’ एवढंच सांगणारे लोक असतात.

जिल्ह्याच्या नकाशाबद्दल थोडक्यात. तालुके बारा आहेत, पण माणसं तालुक्याच्या हद्दी बघून आजारी पडत नाहीत. शिरोळचा माणूस मिरजेला दाखवतो, चंदगडचा बेळगावला. त्यामुळे ‘कोल्हापुरातल्या अमुक दवाखान्याचा केसपेपर नंबर टाका’ ही अट घातलीत की अर्धा जिल्हा दाराबाहेर. डॉक्टरांशी ऑनलाइन बोलण्याची सोय सरकारच्या ई-संजीवनीवर 2020 पासून आहेच, आणि 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिनच्या सूचनांनी जुन्या आजाराचा पाठपुरावा फोनवर करायला मार्गही मोकळा केलाय. दोन भेटींच्या मधल्या दिवसांचं मात्र कुणी बघत नाही, आणि आमचं आयुष्य त्या मधल्या दिवसांतच जातं. त्यासाठी कृपा करून आशाताईंच्या गळ्यात आणखी एक ॲप बांधू नका. त्यांच्या फोनमध्ये आधीच नोंदींची रांग लागलेली आहे. त्यांना काही द्यायचंच असेल तर अडलेल्या रुग्णासाठी फिरवता येईल असा एक नंबर द्या, आणि तो उचलणारा माणूस.

एक अवघड विषय. असल्या गटांत माणसं मरतात. आमच्या ओळखीतल्या एक जण किडनीच्या आजाराने गेल्या. त्यांनी एक ॲप घेतलेलं होतं, नंबर मुलीचा दिलेला. बाराव्याच्या दिवशी पाहुणे जेवत असताना त्या मुलीच्या फोनवर घंटी वाजली: ‘आज तुमचं पाणी मोजायचं राहिलं!’ तिने ते बंद करायचा प्रयत्न केला तर आधी लॉगिन करा म्हणालं. हे कुणी मुद्दाम केलं नाही, मला मान्य आहे. पण जुनाट आजाराची सोय आखताना माणूस मरू शकतो हे धरूनच आखायला हवं. घरच्यांच्या एका फोनवर सगळे निरोप थांबावेत, ग्रुपवर चार ओळींत कळवायचं की नाही ते घरच्यांनी ठरवावं, आणि त्या आठवड्यात बाकीच्यांशी, विशेषतः त्याच आजाराच्या लोकांशी, कुणीतरी बोलावं. त्यांना झोप लागलेली नसते.

शेवटी तुम्ही मोजाल काय, त्यावर सगळं ठरणार. किती जणांनी डाउनलोड केलं हा आकडा उद्घाटनाच्या बातमीत शोभतो. मला विचाराल तर हे मोजा: रात्री विचारलेल्या किती प्रश्नांना सकाळी दहापर्यंत जाणत्या माणसाचं उत्तर मिळालं, गायब झालेले किती जण परत आले, पुराच्या महिन्यात किती जणांची गोळी तुटली नाही. हे आकडे लहान असतील, आणि पहिल्या वर्षी लाजिरवाणेही असतील. तरी तेच छापा.

हे करायला जिल्हाभर एकदम उडी मारायची गरज नाही. एक तालुका घ्या, शहरातला एखादा प्रभाग घ्या, वस्ताद म्हणून दोन नर्स आणि शिकवून तयार केलेले काही रुग्ण घ्या, आणि एक साधा नंबर घ्या. आमच्यातल्या काही जणी मोबदल्याशिवायही येतील. पण मोबदला द्या, कारण फुकटचं काम पहिल्या आजारपणात बंद पडतं आणि आम्ही आजारी पडणार हे ठरलेलं आहे.

या विषयावर बैठक बोलवायची झाली तर रुग्णांनाही बोलवा, आणि तळमजल्यावर बोलवा. वेळ दुपारी बारानंतरची ठेवा, मीही येईन. डायलिसिसवाल्यांना मात्र आधी त्यांचा वार विचारून घ्या. डबा आम्ही आणू, चहा तुमचा, आणि तो बिनसाखरेचाही ठेवा.

कळावे,
आपली,
आमवाताची एक रुग्ण,
मंगळवार पेठ, कोल्हापूर